समोरचा किती मोठा? बॉक्सिंगमधल्या वजन-उंचीच्या फरकाचा हिशेब कसा करायचा

पहिल्या लढतीचा किंवा स्पारिंगचा (सरावाच्या लढतीचा) प्रस्ताव आला की नवख्या बॉक्सरचा पहिला प्रश्न असतो, "त्याचं वजन किती?" प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. उत्तरात "६७ किलो" एवढंच कळलं तर फारसं काही कळलं नाही. तो आकडा कधीचा, ते वजन कशाचं, त्याला किती उंची जोडलेली आहे आणि समोरचा ते सगळं वापरतो का, हे कळल्याशिवाय फरक मोठा की किरकोळ ते ठरत नाही.

या विषयावर दोन टोकाची मतं कानावर येतील. एक म्हणतं, मोठा माणूसच जिंकतो. दुसरं म्हणतं, कौशल्य असेल तर आकाराला कोण विचारतो! दोन्ही मतांना पुरावे सापडतात, म्हणूनच दोन्हींवर विसंबू नका. खालच्या क्रमाने तपासत जा. लढती नुसत्या बघणाऱ्यांनाही हाच क्रम उपयोगी पडेल. (मराठीत रेफरीही पंच आणि ठोसाही पंच, म्हणून इथे रेफरी आणि ठोसा असेच शब्द वापरले आहेत.)

हाताशी काय हवं

- एकच, नेहमीचा वजनकाटा. दर वेळी वेगळा काटा वापरलात तर अर्ध्या किलोचा घोळ होतो.
- कापडी मोजपट्टी.
- महिनाभराच्या वजनाची नोंदवही: सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधीचं वजन.
- दोघांच्या आजवरच्या लढतींची संख्या आणि शेवटच्या लढतीची तारीख.
- वैद्यकीय तपासणीची नोंद आणि स्पर्धेचं नोंदणीपुस्तक.
- समोरच्याची एखादी अलीकडची चित्रफीत. त्यातली एक फेरी तरी आवाज बंद करून बघा. प्रेक्षक ओरडले की किरकोळ ठोसाही जोरदार वाटतो.

१. काट्यावरचं नको, लढतीच्या वेळचं वजन विचारा

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन साधारणपणे लढतीच्या आदल्या दिवशी होतं. काट्यावरून उतरल्यापासून पहिल्या घंटेपर्यंत एक पूर्ण दिवस हातात असतो. शरीरातलं पाणी काढून काट्यावर उभा राहिलेला माणूस त्या दिवसात खाऊनपिऊन कित्येक किलोंनी वाढू शकतो. म्हणजे एकाच वजनगटात 'बसलेले' दोघे रिंगमध्ये दोन वेगळ्या वजनगटांचे असू शकतात.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण फेब्रुवारी २००० मधलं. आर्तुरो गाटी आणि जोई गमाश यांच्या लढतीची मर्यादा १४१ पौंड, म्हणजे ६४ किलो होती. लढतीच्या रात्री गाटी १६० पौंडांवर होता आणि गमाश १४५ वर. कागदावर बरोबरी, प्रत्यक्षात जवळपास ७ किलोंचा फरक. गमाश दुसऱ्या फेरीत बेशुद्ध पडला. मेंदूला इजा झाली आणि तो पुन्हा लढला नाही.

उलटंही घडतं. डिसेंबर २००८ मध्ये मॅनी पॅकियाओविरुद्ध ऑस्कर दे ला होयाला सगळे 'मोठा' म्हणत होते. तो १४५ पौंडांवर उतरला, पॅकियाओ १४२ वर. पण लढतीच्या रात्री दे ला होया जेमतेम १४७ होता आणि पॅकियाओ साडे-१४८. मोठ्या माणसाचं शरीर इतकं सुकलं होतं की पाणी परत धरतच नव्हतं. आठव्या फेरीनंतर तो स्टुलावरून उठला नाही. मोठी हाडं होती, पण त्या रात्री मोठेपणा उरला नव्हता.

हौशी स्पर्धांचं गणित वेगळं. तिथे वजन लढतीच्याच दिवशी सकाळी होतं आणि ज्या ज्या दिवशी लढत, त्या त्या दिवशी पुन्हा होतं. त्यामुळे काट्यावरचा आकडा आणि रिंगमधलं वजन बरंच जवळ असतं. व्यावसायिकांचं बघून तीन दिवस उपाशी राहणारे नवखे इथेच फसतात. तुम्हाला पाणी भरून काढायला दिवस मिळणार नाही, काही तास मिळतील.

व्यावसायिक लढत असेल तर करारात दुसऱ्या दिवशीच्या वजनाचं कलम आहे का बघा. आयबीएफ (इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन) या संघटनेच्या विजेतेपद लढतींत अनेक वर्षं लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन होत आलं आणि ते मर्यादेपेक्षा १० पौंडांहून, म्हणजे साधारण साडेचार किलोंहून, जास्त चालत नसे. एप्रिल २०२३ मधल्या जर्वोंटा डेव्हिस–रायन गार्सिया लढतीच्या करारातही असंच कलम होतं.

२. फरक किलोत नको, टक्क्यांत काढा

५ किलोंचा फरक मोठा की लहान? ५० किलोंच्या बॉक्सरसाठी तो १० टक्के आहे, १०० किलोंच्या बॉक्सरसाठी ५. सूत्र साधं: फरक भागिले हलक्याचं वजन, गुणिले १००. वजन दोघांचंही लढतीच्या वेळचं घ्या.

व्यावसायिक वजनगट याच तत्त्वावर आखलेले दिसतात. खालच्या टोकाला १०५ पौंडांनंतर लगेच १०८ चा गट येतो, म्हणजे ३ टक्क्यांहूनही कमी अंतर. १४७ ते १५४ हे अंतर ५ टक्क्यांच्या आसपास आहे. १६० ते १६८ बरोबर ५ टक्के. आणि १७५ वरून एकदम २०० पौंड, म्हणजे १४ टक्के. २०० च्या वर हेवीवेट, जिथे मर्यादाच नाही.

हौशी गट यापेक्षा खूप रुंद असतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे गट ५१, ५७, ६३.५, ७१, ८०, ९२ आणि ९२ च्या वर असे सातच होते. ५१ ते ५७ हे अंतर १२ टक्क्यांच्या जवळ जातं. त्या गटांत एखाद्याचं नैसर्गिक वजन ६५ असेल तर त्याला एकतर दीड किलो उतरवायचे किंवा ७१ किलोंच्यांशी लढायचं. "आपण एकाच गटात आहोत" याचा अर्थ "आपण सारखे आहोत" असा होत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आयोजक नेमका हाच युक्तिवाद करतात.

३. वजन कशाचं आहे ते बघा

ठोशाची ताकद पायातून निघते. टाच, मांडी, कंबर, खांदा, मूठ असा तिचा प्रवास. त्यामुळे वजन मांड्यांत, कमरेत, पाठीत असेल तर ते ठोशात उतरतं. पोटावरचं वजन ठोशाला फारसं काही देत नाही. तिसऱ्या फेरीत मात्र आपला वाटा मागतं. पण एक अपवाद नवख्यांच्या लक्षात येत नाही: क्लिंचमध्ये, म्हणजे दोघे एकमेकांना धरून चिकटतात तेव्हा, चरबीही भारच असते. अंगावर रेललेला माणूस स्नायूंचा आहे की पोटाचा, हे तुमच्या मानेला कळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हे वजन किती जुनं आहे. वर्षानुवर्षं वर सरकत कमावलेलं वजन आणि एका लढतीसाठी तीन महिन्यांत चढवलेलं वजन एकसारखं वागत नाही. केल ब्रूक वेल्टरवेटचा विजेता होता, १४७ पौंडांचा. सप्टेंबर २०१६ मध्ये तो थेट १६० पौंडांवर गेन्नादी गोलोव्किनशी लढला. दुसऱ्या फेरीत त्याचे ठोसे छान बसत होते, हात वेगवान होते. पण समोरून आलेलं त्याला झेपलं नाही. डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं आणि पाचव्या फेरीत कोपऱ्यातून टॉवेल आला, म्हणजे त्याच्या बाजूने हार मानली.

आकाराचा फरक आधी दिसतो तो तुमचा ठोसा समोरच्याला लागतो की नाही यात नाही, तर त्याचा ठोसा तुम्ही किती वेळा सोसू शकता यात. हलका बॉक्सर पहिल्या दोन फेऱ्या अनेकदा सहज जिंकतो. म्हणून फक्त पहिल्या दोन फेऱ्या बघून "फरक काही नाही" असा निष्कर्ष काढू नका.

हेवीवेटमध्ये चित्र जरा सैल होतं. साधारण शंभर किलोंच्या पुढे दोघांकडेही एका ठोशात खेळ संपवण्याइतकं बळ असतं आणि जादा किलोंचा मोबदला घटत जातो. नोव्हेंबर २००९ मध्ये डेव्हिड हेने आपल्यापेक्षा सुमारे ४५ किलो जड, सात फुटी निकोलाय वालुएव्हला गुणांवर हरवलं. डिसेंबर २०२४ मध्ये ओलेक्झांडर उसिकने टायसन फ्युरीला पुन्हा हरवलं तेव्हा काट्यावरचा फरक ५५ पौंडांचा, म्हणजे २५ किलोंचा होता. पण ही उदाहरणं देऊन कुणी ५५ किलोंच्या मुलाला ६५ किलोंच्या मुलासमोर उभं करत असेल तर त्याला थांबवा. डेव्हिड हे आणि उसिक दोघेही स्वतः धिप्पाड आहेत आणि दोघेही आधी क्रूझरवेटचे (२०० पौंडांपर्यंतच्या गटाचे) जगज्जेते होते.

४. उंची आणि पोच मोजा, पण नीट

पोच म्हणून जो आकडा छापला जातो तो दोन्ही हात आडवे पसरून एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंतचा असतो. त्यात छातीची रुंदी येते. रुंद खांद्यांच्या माणसाची 'पोच' कागदावर मोठी दिसते, हात मात्र बेताचाच असतो. म्हणून खांद्याच्या वरच्या हाडापासून बंद मुठीच्या पेरांपर्यंत वेगळं मोजा. हाच खरा उपयोगाचा आकडा.

उंचीचं गणितही समजून घ्या. हात सगळ्यात लांब पोहोचतो तो खांद्याच्या रेषेत. उंच माणसाचा खांदा तुमच्या तोंडासमोर येत असेल, तर त्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) पूर्ण लांबीने तुमच्या तोंडावर येतो. तुमचा जॅब त्याच्या तोंडाकडे तिरका वर जातो आणि काही सेंटिमीटर तिथेच वाया जातात. तुमच्या पूर्ण लांबीच्या रेषेत त्याची छाती आणि पोटाचा वरचा भाग असतो. बुटक्या बॉक्सरला "आधी अंगावर मार" असं का सांगतात, त्याचं कारण हे आहे.

पोच वापरता आली तर काय होतं ते जून १९८४ मध्ये दिसलं. टॉमी हर्न्स १८५ सेंटिमीटर उंच, रोबेर्तो दुरान १७० च्या आसपास. वजनगट एकच, १५४ पौंड. दुरानसारखा मुरलेला बॉक्सर दुसऱ्या फेरीत पालथा पडला. उलट सेबास्टियन फुंडोरा त्याच वजनगटात १९७ सेंटिमीटर उंच, पण त्याला जवळ जाऊन मारामारी करायला आवडतं. एप्रिल २०२३ मध्ये ब्रायन मेंडोझाने त्याला सातव्या फेरीत आडवं केलं. उंची आहे, पण ती वापरलीच नाही तर समोरच्याला हनुवटी फक्त जरा उंचावर शोधावी लागते.

समोरचा डावखुरा असेल तर पोचीचा फायदा आणखी कमी होतो, कारण दोघांचे पुढचे हात एकमेकांत अडकतात. तिथे पुढचं पाऊल कुणाचं बाहेर, याला जास्त महत्त्व येतं.

५. समोरचा आपला आकार वापरतो का?

यासाठी एकच जोडी पुरेशी आहे. डिसेंबर २०१८ मध्ये डिऑन्टे वाइल्डर साडे-२१२ पौंड आणि फ्युरी साडे-२५६. फरक ४४ पौंड. फ्युरी मागे सरकत, अंतर राखत लढला, दोनदा खाली पडला आणि लढत बरोबरीत सुटली. फेब्रुवारी २०२० मध्ये तेच दोघे: वाइल्डर २३१, फ्युरी २७३. फरक ४२ पौंड, म्हणजे उलट थोडा कमीच. पण या वेळी फ्युरी पुढे आला, क्लिंचमध्ये वाइल्डरच्या मानेवर रेलला, फ्युरीचं वजन त्याला वाहायला लावलं. सातव्या फेरीत वाइल्डरच्या कोपऱ्याने टॉवेल टाकला.

चित्रफीत बघताना म्हणून चारच गोष्टी टिपा. जॅब मारून तो पुढे येतो की जागेवर राहतो? क्लिंचमध्ये भार टाकतो की हात धरून रेफरीची वाट बघतो? मागे ढकललं की पाय कोलमडतात का? आणि शेवटच्या फेरीत त्याचे हात किती खाली येतात? चारही उत्तरं त्याच्या बाजूने असतील तर टक्केवारीचा आकडा मनात दीडपट धरा.

६. तुम्ही लहान असाल तर

मधलं अंतर त्याचं आहे. तुम्ही एकतर त्याच्या जॅबच्या पूर्ण बाहेर असा, नाहीतर त्याच्या छातीशी. मध्ये रेंगाळलात की मार.

आत शिरायची वेळ त्याचा जॅब परत जात असतानाची. डोकं त्याच्या हाताच्या बाहेरच्या बाजूला काढा आणि त्याच पावलात छातीवर किंवा पोटावर जॅब मारा. डोकं कमरेतून वाकवून सरळ पुढे नेऊ नका; तिथे अपरकट (खालून वर येणारा ठोसा) वाट बघत असतो आणि डोक्याला डोकं आपटण्याचा धोकाही असतो. गुडघे वाकवा.

आत गेल्यावर कपाळ त्याच्या हनुवटीखाली, छातीशी, आणि हात त्याच्या हातांच्या आतून. बाहेर पडताना सरळ मागे कधीच नाही. सरळ मागे सरकणारा लहान बॉक्सर बरोबर त्याच्या उजव्या हाताच्या टोकाशी जाऊन थांबतो. बाजूला वळून निघा किंवा चिकटूनच राहा. त्याने मानेवर हात ठेवून खाली दाबलं तर मानेने वर ढकलायचा प्रयत्न करू नका. तो नियमभंग आहे, रेफरीला दिसू द्या, आणि पाऊल फिरवून त्याच्या बाजूला या.

७. तुम्ही मोठे असाल तर

स्पारिंगमध्ये जबाबदारी तुमची. ताकद निम्मी ठेवा, जॅब आणि पाय वापरा. लहान माणूस पकडता येत नाही म्हणून चिडून त्याच्यामागे धावणं, ही मोठ्या बॉक्सरची नेहमीची चूक. धावलात की उंची आपोआप कमी होते.

८. हो म्हणायचं की नाही

खालचे आकडे नियमपुस्तकातले नाहीत, ढोबळ ठोकताळे आहेत. अनुभव सारखा असेल तरच लागू.

- ५ टक्क्यांपर्यंत: नेहमीची लढत. वजनाचा विचार सोडून द्या.
- ५ ते १०: मोठा माणूस आकार वापरणारा असेल तर विचार करा. स्पारिंग चालेल, पण ताकद आधी ठरवून.
- १० ते १५: फक्त ठरवून दिलेलं तांत्रिक स्पारिंग. उदाहरणार्थ, मोठ्याने फक्त जॅब, लहानाला सगळं मोकळं.
- १५ च्या पुढे: मोकळं स्पारिंग नाही.

अनुभव सारखा नसेल तर हे सगळं बाजूला ठेवा. पंधरा लढती झालेला आणि पहिलीच लढत असलेला, दोघे काट्यावर अगदी सारखे असले तरी ती जोडी १० टक्के फरकाच्या जोडीहून वाईट. वाढत्या वयातल्या मुलांचं वजन जुळलं तरी वय विचारा. एकाची वाढ झालेली, दुसऱ्याची सुरूही नाही, असं तेरा-चौदाच्या वयात सर्रास असतं.

जाड ग्लोव्हज घातले म्हणजे फरक मिटला, हा मोठा गैरसमज. व्यावसायिक लढतीत १४७ पौंडांपर्यंत ८ औंसांचे आणि त्यावर १० औंसांचे ग्लोव्हज असतात, स्पारिंगला १४ ते १६ औंसांचे. जाड ग्लोव्ह हाताला आणि त्वचेला वाचवतो. हेडगार्ड खोक पडण्यापासून वाचवतं. पण डोकं झटक्याने फिरतं तेव्हा आत मेंदूही हलतो. ते ग्लोव्ह किंवा हेडगार्ड थांबवत नाही.

९. वजन उतरवून फरक मिटवण्याचा मोह

"मी खालच्या गटात उतरलो तर मीच मोठा ठरेन." हिशेब मोहक आहे. पण शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के पाणी कमी झालं की कामगिरी घसरायला लागते. ६० किलोंच्या माणसासाठी हे जेमतेम १.२ किलो. नोंदवहीतलं महिन्याचं सरासरी वजन गटाच्या मर्यादेपेक्षा ३ टक्क्यांहून वर असेल तर वरच्या गटाचा विचार करा, किंवा दोन-तीन महिने आधीपासून जेवण बदलून हळूहळू उतरा.

प्लास्टिकचा सूट घालून धावणं, वाफेच्या खोलीत एकट्याने बसणं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणं, यातलं काहीही नको. त्या गोळ्या उत्तेजकविरोधी नियमांत बंदी असलेल्या यादीत आहेत. सलाइन लावून पाणी भरण्यावरही मर्यादा आहे: उपचाराचं मान्य कारण नसेल तर १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त चालत नाही. मग काट्यावरून उतरल्यावर उरतं ते मीठ-साखरेचं पाणी घोटघोट, थोड्या वेळाने भातासारखं हलकं अन्न, आणि पोट जड न करणं.

१०. लढत झाल्यावर

फरकाच्या लढतीनंतर दोन दिवस स्वतःकडे लक्ष द्या, जिंकला असाल तरीही. डोकं दुखणं, मळमळ, उजेड सहन न होणं, मधल्या फेरीतलं काही न आठवणं, झोपेचा घोळ, यातलं एक जरी असेल तर स्पारिंग बंद आणि डॉक्टरांकडे. उलट्या सुरू झाल्या, गुंगी वाढत गेली किंवा बोलणं अडखळू लागलं तर सकाळची वाट न बघता थेट रुग्णालयात. हौशी बॉक्सिंगमध्ये डोक्यावरच्या ठोशाने नॉकआउट झाल्यास किमान ३० दिवस रिंगमध्ये उतरता येत नाही. ही तारीख नोंदणीपुस्तकात लिहून घ्या आणि तोपर्यंत जिममध्ये "हलकं, दोनच फेऱ्या" म्हणणाऱ्यालाही ती दाखवा.